घसाऱ्याचा चुकीचा हिशेब
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज सकाळी मंडपात आलो तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. पुढे चार रांगा प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मागे सतरंज्या. खुर्च्यांवर साठीच्या पुढची मंडळी, सतरंजीवर पोरे. मांडणाऱ्या कार्यकर्त्यांचा दोष नाही, त्यांनी मानाने मांडल्या. पण मघाशी ध्वजाला उभे राहायची वेळ आली, तेव्हा आम्ही व्यासपीठावरून पाहत होतो. सतरंजीवरची पोरे चटकन उठली. खुर्च्यांवरची निम्मी मंडळी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून, 'पांडुरंगा' म्हणत उठली.

भाव, कर्ज आणि वीज यांवर बोलणारे जाणते वक्ते आज इथे आहेत. आम्हाला दिलेल्या वेळात आम्ही त्या खुर्च्यांवरच बोलणार आहोत. विषय हलका वाटेल. पण शेतकऱ्याच्या घरात एक आजारपण आले की तीन हंगामांची कमाई जाते, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. तेव्हा हाही अर्थकारणाचाच विषय आहे.

वखरामागचे नऊ किलोमीटर

नोकरदाराच्या निवृत्तीला तारीख असते. शाल, श्रीफळ, दोन भाषणे होतात आणि माणूस घरी येतो. शेतकऱ्याला तारीख नसते, म्हणून आपण म्हणतो की शेतकऱ्याला निवृत्ती नाही. हे आता खरे राहिलेले नाही. ज्या दिवशी दावणीची बैलजोडी विकली जाते, त्या दिवशी घरातला कर्ता माणूस निवृत्त होतो. फक्त त्याला शाल कोणी देत नाही.

आम्ही शेतकी शिकलेले आहोत, म्हणून हिशेबाने सांगतो. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. वखराची पास दीड फूट रुंद धरा. भागाकार करा. एक एकर वखरायला माणसाला जोडीमागे २९ हजार फूट चालावे लागते, म्हणजे जवळजवळ ९ किलोमीटर. दिवसाला दोन एकर झाले तर १८ किलोमीटर, तेही ढेकळांतून आणि रुमण्यावर जोर देत. तिफणीने दीड-दीड फुटावर तीन ओळी पेरल्या, तरी एकराला ३ किलोमीटर होतात. शिवाय शेताला जाणे-येणे, वैरण कापणे, पाणी शेंदणे वेगळे.

हे चालणे कोणी व्यायाम म्हणून केले नाही. ते पोटासाठी होते, आणि ते कष्ट फार होते. त्या कष्टांनी माणसे मोडलीही. ट्रॅक्टर आला, तणनाशक आले, मोबाईलवरून मोटार सुरू करायची सोय आली, हे चांगलेच झाले. बैलामागे परत फिरा असे सांगायला आम्ही आलो नाही. आमचे म्हणणे एवढेच की यंत्राने कष्ट नेले, त्यासोबत दिवसाचे दहा-पंधरा किलोमीटरही नेले, आणि त्याची भरपाई कोणी केली नाही. आता साठीतला माणूस मोटारसायकलवर पोराच्या मागे बसून शेताला जातो, बांधावर उभा राहतो आणि परत येतो. दुपारी खुर्ची, संध्याकाळी पार, रात्री टीव्ही.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत, आणि आणखी साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा शहरातल्या शेठजींचा आजार आहे, असे आपण पंचवीस वर्षांपूर्वी म्हणत होतो. आज तालुक्याच्या कोणत्याही औषधाच्या दुकानासमोर उभे राहा. रांगेत धोतर-पटका किती आणि लुगडी किती ते मोजा.

आमच्याच घरातला प्रकार

दुसऱ्याच्या घरातले सांगत नाही, आमच्याच घरातले सांगतो. आमच्या घरी २०१७ साली बैलजोडी विकली. ट्रॅक्टर भाड्याने मिळत होता, वैरण महाग झाली होती, हिशेबाने ते बरोबरच होते. वडील तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. आम्ही त्यांना म्हणालो, "बाबा, लई केलं तुम्ही. आता निवांत बसा." ओसरीत एक खुर्ची आणून ठेवली. पाण्याचा तांब्या हातात, जेवणाचे ताट समोर. सुना चांगल्या, मुले चांगली. गावात नाव झाले की पोरांनी बापाला सुखात ठेवले.

दोन वर्षांत त्या सुखाने त्यांचे पाय नेले. आधी मांडी घालणे बंद झाले. मग ओट्याची पायरी उतरताना खांब धरावा लागू लागला. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात रात्री मोरीत घसरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले. जिल्ह्याच्या गावी शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीचे सगळे सोयाबीन गेले, वर घरातले सोन्याचे दोन जिन्नस गेले.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी व्यायाम शिकवणारी एक मुलगी आली आणि वडिलांना उभे राहा म्हणाली. आम्ही मध्ये पडलो. म्हणालो, अहो, हाड मोडलेला माणूस आहे, चार दिवस पडू द्या. ती म्हणाली, "दादा, झोपून राहिले तर हाड जुळेल, पण पाय जातील." तिने त्यांना उभे केलेच. पुढे सहा महिने घरी रोज तेच चालले. खाटेवरून उठायचे, बसायचे, वॉकर धरून अंगण ओलांडायचे. आज वडील काठी टेकत विहिरीपर्यंत जातात आणि परत येतात.

आमच्या मनाला लागले ते वेगळेच. परभणीच्या कृषी विद्यापीठात आम्ही शिकलो, गावोगाव सांगत फिरलो की रोपवाटिकेतले रोप लावणीआधी कणखर करावे लागते. सावली कमी करा, पाणी तोडा, थोडा ताण द्या, नाहीतर लावल्यावर माना टाकते. मिरचीच्या रोपाला जे कळत होते ते आम्ही आमच्या बापाला लावले नाही. त्यांचा सगळा ताण काढून घेतला आणि त्याला सेवा म्हटले.

यंत्राचा घसारा आणि शरीराचा घसारा

ही चूक आमची एकट्याची नाही. तिच्यामागे एक समजूत आहे. उत्पादन खर्च काढताना आपण घसारा धरतो. ट्रॅक्टर, मोटार, पंप जेवढे चालतील तेवढे झिजतील. शरीराचाही आपण तोच हिशेब करतो. आयुष्यभर झिजलो, आता उरलेसुरले जपून वापरू, म्हणजे पुरेल. डॉक्टर 'गुडघ्याची वाटी झिजली' म्हणतात, तेव्हा तर आपली खात्रीच पटते. टायर गुळगुळीत झाला, आता गाडी उभी करा.

हा हिशेब उलटा आहे. यंत्र चालून झिजते, शरीर बसून झिजते. गुडघ्यातल्या कूर्चेला रक्तवाहिनी नसते. सांध्यातल्या वंगणातूनच तिला पोषण मिळते, आणि सांधा दाबला जाऊन सुटतो तेव्हाच ते आत शिरते. मांडीचे स्नायू बळकट असले की गुडघ्यावरचा भार ते उचलतात. म्हणून झिजलेल्या गुडघ्यालाही डॉक्टर आज व्यायाम सांगतात, पडून राहणे सांगत नाहीत. विहिरीचा उपसा थांबला की झरे बुजतात, गाळ चढतो. जाणता शेतकरी विहीर जपण्यासाठी उपसा बंद ठेवत नाही.

अमेरिकेतल्या डलास शहरात १९६६ साली वीस वर्षांच्या पाच तरुणांना तीन आठवडे सक्तीने अंथरुणावर झोपवून ठेवले. त्यांच्या हृदयाची आणि दमाची ताकद मोजली. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले. तेव्हा ते पन्नाशीत होते. तीस वर्षांच्या वयाने त्यांची ताकद जेवढी घटली होती, त्याहून जास्त ती विशीत तीन आठवड्यांच्या झोपण्याने घटली होती. मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत चालण्या-पळण्याचा सराव दिला, आणि वयाने घटलेली ती ताकद भरून निघाली.

पन्नाशी ठीक आहे, नव्वदीचे काय, असे कोणी विचारील. बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीतल्या दहा अशक्त माणसांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायांनी वजन उचलायचा व्यायाम दिला. निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. एकाने मध्येच सोडला, नऊ जणांनी आठ आठवडे पूर्ण केले. त्यांच्या मांडीची ताकद सरासरी अडीच पटींहून जास्त झाली. तेव्हा 'आता या वयात काय होणार' हे वाक्य सोडा.

आणि नोकरदार भावांनो, तुमच्यासाठी लंडनचे उदाहरण आहे. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली तिथल्या बसचालकांचा आणि वाहकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बस तीच, शहर तेच. चालक दिवसभर बसलेला, वाहक दुमजली बसचा जिना दिवसभर चढत-उतरत असलेला. हृदयविकार चालकांत जास्त निघाला. इथे एस. टी.तून निवृत्त झालेले चालक आणि वाहक दोघेही बसले आहेत. निवृत्तीनंतर मात्र दोघेही सारखेच बसले, तर वाहकाची जुनी पुण्याई किती दिवस पुरणार?

करायचे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली याचे माप सांगितले आहे. ते आपल्या भाषेत असे आहे.

पहिले, चालणे. आठवड्याला किमान १५० मिनिटे. रोज अर्धा तास, पाच दिवस. आठवड्याच्या १६८ तासांतले अडीच तास. वेग असा, की सोबत्याशी बोलता येईल पण अभंग म्हणता येणार नाही. अभंग म्हणता आला तर चाल संथ आहे. बोलताही येत नसेल तर जास्त झाले, थोडे हळू व्हा. अर्धा तास सलग नको असेल तर दहा-दहा मिनिटे तीनदा चाला. जेवणानंतर शतपावली करा, असे आपल्या वाडवडिलांनी सांगितले आहेच. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटे चाल रक्तातली साखर उतरवते, हे आता तपासून सिद्ध झाले आहे. फक्त शंभर पावलांवर थांबू नका.

दुसरे, ताकद. आठवड्यातून किमान दोन दिवस. त्याला व्यायामशाळा लागत नाही. खाटेच्या काठावर बसा, हात छातीवर घ्या, हात न टेकता उठा, सावकाश बसा. आठ-दहा वेळा. थोडा दम खा, पुन्हा करा. आज जमत नसेल तर हात टेकून करा, महिन्याने एकच हात टेका. मग भिंतीला तळहात लावून ढकलणे, टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे.

तिसरे, तोल. पासष्टीच्या पुढच्यांनी हे आठवड्यातून तीन दिवस करावे. गोठ्यातला खांब धरा आणि एका पायावर दहा आकडे मोजा. मग दुसऱ्या पायावर. म्हातारपणी हाड मोडते ते बहुधा पडल्यामुळे, आणि माणूस पडतो ते तोल सावरायची सवय गेल्यामुळे. त्यासोबत मोरीत रात्री दिवा आणि भिंतीला धरायला एक दांडी एवढे कराच. शस्त्रक्रियेच्या मानाने तो खर्च काहीच नाही.

आपल्या पूर्वजांनी चौथी गोष्ट आपल्या अंगवळणी पाडली होती, ती म्हणजे जमिनीवर बसणे. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ माणसांना जमिनीवर बसून उठायला सांगितले आणि हात-गुडघे किती टेकतात ते मोजले. पुढे काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २०१२ साली निष्कर्ष आला की ज्यांना फार टेकावे लागले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कितीतरी जास्त होते. नुसते बसल्या-उठल्याने आयुष्य वाढते, असा याचा अर्थ नाही. पण पाय, कंबर, तोल सगळे शाबूत आहे की नाही याची ती परीक्षा आहे. आपण ती रोज जेवताना देत होतो, प्लास्टिकच्या खुर्चीने बंद पाडली.

काळजीही सांगून ठेवतो. छातीत दुखणे, थोड्या चालीत धाप, चक्कर, पूर्वी झटका येऊन गेलेला असे काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. साखरेच्या गोळ्या मनाने बंद करू नका. साखर असलेल्याने अनवाणी चालायचे नाही, पायाची जखम त्याला कळत नाही. उन्हाळ्यात दहाच्या आत घरी या. पहाटे रस्त्याने जाणार असाल तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने चाला, अंगात पांढरे आणि हातात बॅटरी असू द्या. पावसाळ्यात बांधावर बूट आणि काठी.

आणि एकदम उसळी नको. पंढरीची वारी पाहा. आळंदीची पालखी अडीचशे किलोमीटर चालते, शेगावची तर महिनाभर चालत परभणी-गंगाखेडवरून जाते. त्यात साठी-सत्तरीची माणसे असतात, तेव्हा पाय आपल्या माणसांजवळ आहेत हे सिद्धच आहे. पण आषाढात वीस दिवस चालायचे आणि अकरा महिने बसायचे, हे मोकाट पाणी देण्यासारखे आहे. एकदा रान तुंबवले आणि मग महिनाभर भेगा. शरीराला ठिबक मानवते. रोज थोडे.

मायबहिणींचे काय?

इथे मागे बसलेल्या माय म्हणत असतील, आम्हाला कुठली आली निवृत्ती? बरोबर आहे. बाई साठीची झाली तरी चूल, नातवंडे, शेण, वेचणी सुटत नाही. तिला आणखी काम करा असे सांगायची आमची छाती नाही. पण तिचे काम बहुतेक वाकून किंवा उकिडवे बसून चालते. कंबर झिजते आणि तोल व ताकद वाढत नाही. पाळी गेल्यावर बाईची हाडे लवकर विरळ होतात. म्हणून तिला रोज अर्धा तास ताठ मानेने चालायला मिळाला पाहिजे, आणि त्या अर्ध्या तासाचे घरातले काम दुसऱ्या कोणी उचलले पाहिजे. खताशिवाय पीक नाही, तसा डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे यांच्याशिवाय स्नायू नाही. सगळ्यांची जेवणे झाल्यावर पातेल्यात उरते ते खाणाऱ्या बाईला व्यायाम सांगणे ही थट्टा आहे. तिचे ताट आधी वाढा.

लोक काय म्हणतील?

खरी अडचण गुडघ्यात नाही, गावात आहे. म्हाताऱ्याच्या हातात खोरे दिसले की लोक पोराला नावे ठेवतात. म्हणून पोरगा खोरे काढून घेतो. म्हातारा सकाळी नुसता चालायला निघाला तर 'काय साहेब, फिरायला का?' म्हणून हसतात. साठीची बाई चालायला निघाली तर विचारायलाच नको. म्हणून एकट्यादुकट्याने हे होणार नाही. गावाने मिळून करायचे आहे, आणि त्याला कामाचे नाव द्यायचे आहे.

आमची सूचना अशी. प्रत्येक गावशाखेने आठवड्यातून तीन दिवस सकाळी ज्येष्ठांची शिवारफेरी सुरू करावी. पुरुषांची आणि बायांची, गावाला सोयीचे पडेल तशी. नुसते चालायचे नाही. कपाशीत एकरी दोन कामगंध सापळे लावलेले असतात. रोज पतंग मोजायला पोरांना वेळ नाही. सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीची फवारणी करायची वेळ आली, हा नियम आहे. २०१७ साली या बोंडअळीने आपले काय केले ते विसरलेले नाही. फेरीची वाट रोज वेगळी असू द्या, पण आलटून-पालटून दोघांनी उरलेल्या दिवशीही सापळे पाहावेत, म्हणजे नोंद सलग राहील. पाऊस किती मिलिमीटर पडला, कुठला बांध फुटला, कोणत्या विहिरीचे पाणी किती हात खाली गेले, हे सगळे एका वहीत लिहा. चाळीस वर्षे जमीन पाहिलेला डोळा औषध कंपनीच्या पोराजवळ नसतो. तो डोळा आज पारावर बसून पत्ते पाहतो आहे.

हे उपकार म्हणून करू नका. आज गावातली तरुण पोरे पुण्याला, चाकणला, वाळूजला गेली आहेत. कितीतरी शिवारे साठीच्या माणसांच्याच भरवशावर उभी आहेत. हे पाय म्हणजे आपले भांडवल आहे.

आणि तरुण भावांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो. बापाला निवांत बसवू नका. त्याला जड ओझे देऊ नका, भर उन्हात पाठवू नका, पण त्याचे काम त्याच्या हातून काढून घेऊ नका. गावाने नावे ठेवली तर ठेवू द्या. आम्हाला गावाने शाबासकी दिली होती, ती किती रुपयांना पडली ते मघाशी सांगितले.

पुढच्या जिल्हा मेळाव्यातही खुर्च्या मांडलेल्या असतील. ज्याला गरज आहे त्याने खुशाल बसावे, त्यात कमीपणा नाही. पण ध्वजाला उभे राहताना खुर्चीचा हात किती जण धरतात, ते आम्ही पुन्हा मोजणार आहोत. आजचा आकडा आम्ही लिहून ठेवला आहे. तो निम्म्यावर यावा, एवढीच या सभेकडे मागणी आहे.

आता पुढचे वक्ते बोलायला येण्याआधी एक करू. ज्यांना जमेल त्यांनी हात छातीवर घ्या आणि खुर्चीवरून सावकाश उठा. पडण्याची भीती वाटत असेल त्यांनी शेजारच्या पोराचा खांदा धरा. उठलात? आता सावकाश बसा. अजून नऊ वेळा.